जनरल घरी येतात तेव्हा

रांझी, जबलपूर
दि. ५ जुलै १९७१

चि. रत्नाकर यास आशीर्वाद.

१. तुला पुण्यास जाऊन चौदा महिने झाले. नाटक-सिनेमासाठी मी परवानगी दिलेली नव्हती व नाही.
२. फॅक्टरीत टर्नरच्या जागेसाठी तुझे नाव मी स्वतः सांगितले आहे. साहेबांनी ती जागा सप्टेंबरअखेरपर्यंत राखून ठेवली आहे.
३. दि. १ ऑक्टोबर रोजी सकाळच्या भोंग्याला गेटवर हजर राहणे.
४. हजर न राहिल्यास या घराचा उंबरठा पुन्हा ओलांडू नये. तुझ्या आईस हे समजावून सांगितले आहे.
५. घरी सर्व कुशल.

उत्तराची आवश्यकता नाही.

भय्यासाहेब (वडील)


पुणे
दि. १४ जुलै १९७१

ती. स्व. आजीस,
रत्नाकरचा शि. सा. न. वि. वि.

बाबांचं कार्ड मिळालं. तुला त्यांनी वाचून दाखवलं नसणार, पण घरात काय लिहिलं गेलं ते तुला न वाचताही कळतं, म्हणून पुन्हा लिहीत नाही.

सोबतच्या फोटोतला माणूस मीच आहे. मिशी चिकटवलेली आहे, बिल्ले पत्र्याचे आहेत. शालिग्रामसाहेब म्हणून दिग्दर्शक आहेत, त्यांच्या हिंदी सिनेमात मी एका थंड देशाचा हुकूमशहा झालो आहे. देशाचं नाव कुठेच घेत नाहीत, नुसतं जनरल म्हणतात. सिनेमा गंभीर आणि ऐतिहासिक आहे, त्यात गाणं एकही नाही. लढाया, भाषणं वगैरे थोडीच. मुख्य भाग म्हणजे या माणसाचं घरातलं जगणं. तो उठतो कसा, जेवतो कसा, बायकोशी काय बोलतो.

आणि तिथेच माझं गाडं अडलं आहे. परेडवर तू जनरल दिसतोस आणि घरात शिरलास की चहाला बोलावलेला पाहुणा दिसतोस, असं शालिग्रामसाहेब चारचौघांत म्हणाले. दसऱ्यापर्यंत घरातले प्रसंग जमले तर ठीक, नाहीतर दिल्लीहून दुसरा नट येतो आहे. तो आला तर मला पहिल्या तारखेच्या भोंग्याला हजर व्हावंच लागेल, दुसरी वाट नाही. आणि जमले तर घर सुटलं. दोन्हीकडून मीच कापला जातोय.

लहानपणी तू रावणाच्या, कंसाच्या गोष्टी इतक्या रंगवून सांगायचीस. तर मला एवढंच सांग, असा माणूस आपल्या घरात कसा बसत असेल?

आईला नमस्कार, मीराला तिची वही पाठवतो म्हणून सांग. तुझ्या शिव्यांची वाट बघणारा,

रत्नाकर


रांझी
दि. २६ जुलै १९७१

चि. रत्नाकर यास आजीचे अ. उ. आ.

पत्र तुझ्या बहिणीनं, मीरानं वाचून दाखवलं. तिचं मराठी म्हणजे दर चार शब्दांनी हिंदीत पडते आणि उठून पुन्हा चालते, पण समजलं. उत्तर मात्र मीच लिहून राहिली आहे. मी दुसऱ्या बुकापर्यंतच शिकली, तेव्हा काना-मात्रा तू तुझ्या पदरचे घाल.

फोटो पाहिला. अगबाई! सराफ्यात लग्नाच्या वरातीपुढे बँडवाले चालतात ना, त्यातला तुताऱ्या फुंकणारा दिसतो. छातीवर एवढे बिल्ले की पोरगा पुढून झुकला आहे. आणि तोंड काहून उघडं ठेवलं आहे? शरयूनं, म्हणजे तुझ्या आईनं, फोटो पाहून डोळे पुसले. मी म्हटलं, बाई, रडू नको, लढाईला नाही गेला, मिशी चिकटवायला गेला आहे.

आता तुझं विचारणं. रावण कसा बसायचा मला काय माहीत, मी काय लंकेत भांडी घासायला होते? कंसाच्या घरीही माझं जाणं-येणं नव्हतं. पण एकतीस वर्षं मी तुझ्या आजोबांच्या घरात काढली. तू तीन वर्षांचा असताना ते गेले, तुला आठवत नाही. भिंतीवरच्या फोटोला तू रोज नमस्कार करत होतास ना, तेच ते.

तू फोटोत ओरडून राहिला आहेस. घरात कोण ओरडतं? रांझीच्या नळावर बादलीवरून भांडणारी बाई ओरडते, कारण तिचं कोणी ऐकत नाही. तुझे आजोबा फॅक्टरीत फोरमन, मोठ्या लढाईच्या दिवसांत दोनशे माणूस हाताखाली. घरात त्यांचा आवाज चढलेला मी एकदाही ऐकला नाही. संध्याकाळी फाटकापाशी येऊन ते फक्त खाकरायचे. एकदाच. तेवढ्यानं तुझा बाप हसता हसता गप्प होऊन पाटी उचलायचा, तुझी विनता आत्या सागरगोटे ओच्यात दडवायची, माझ्याशी बोलत बसलेली शेजारीण अर्धी गोष्ट तशीच टाकून मागच्या दारानं पळायची. मग हे आत यायचे, टोपी खुंटीला लावायचे, आणि विचारायचे की घरात एवढं सामसूम काहून आहे.

जेवायला बसले की मीठ हवं, पाणी हवं, असं तोंडानं कधी मागितलं नाही. हात थांबायचा. ताटावर हात तसाच धरून बसायचे आणि काय कमी आहे ते आम्ही ओळखायचं. मी मीठ वाढायची. हात तसाच. लिंबू. हात तसाच. चटणी, पाणी, ताक. बरोबर ते आलं की हात चालू, चुकलं की पोरं श्वास धरून. एकदा तर अर्धं स्वयंपाकघर मी त्यांच्यापुढे मांडून ठेवलं, लोणच्याच्या तीन बरण्या, गूळ, पापडाचा डबा, तरी हात हलेना. शेवटी आपणच जेवायला लागले. दुसऱ्या दिवशी कळलं, फॅक्टरीत एक मशीन अडलं होतं, त्याचा विचार करून राहिले होते.

तर हे ध्यानात ठेव. तू काही करू नको. तू बस. करू दे बाकीच्यांना. तुझा जनरल किती मोठा आहे हे तुझ्या मिशीवरून नाही, वाढणारीच्या हातावरून दिसलं पाहिजे.

हल्ली जेवताना तुझ्या बापाचाही हात थांबतो. मी वाढत नाही. माझे गुडघे दुखतात म्हणून सांगते. शरयू धावते.

प्रकृतीस जप, आणि त्या मिशीचा डिंक चांगला नसेल तर तोंड येईल, खोबरेल लाव. माया आहे, पण ती लिहीत बसायला माझ्याजवळ शाई नाही.

आजी


पुणे
दि. ३० ऑगस्ट १९७१

ती. स्व. आजीस,
रत्नाकरचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्रानं दिल्लीच्या नटाचं तिकीट अर्धं तरी रद्द झालं! मी शालिग्रामसाहेबांना काही सांगितलं नाही. जनरलच्या बायकोचं काम करणाऱ्या विभावरीबाईंना मात्र आधी गाठलं आणि सांगितलं की माझा हात थांबेल, तुम्ही ओळखायचं. प्रसंग सुरू झाला. मी हात थांबवला. बाईंनी मीठ दिलं, पाव दिला, सूप पुढे सरकवलं, मेणबत्ती जवळ आणली. तिसऱ्या मिनिटाला त्यांचे हात खरोखर कापायला लागले. शालिग्रामसाहेब खुर्चीतून उठून उभे राहिले आणि हे कुठून आणलंस असं विचारत राहिले. मी म्हटलं, आमच्या घरचं आहे.

पण आता त्यांना आणखी हवं आहे. शेवटी जनरल हरतो तेव्हा तो एकटाच बाल्कनीत बसून पक्ष्यांना दाणे घालतो आणि रडतो, असं त्यांच्या मनात आहे. माणूस आतून किती मऊ होता, किती एकटा होता, ते दिसलं पाहिजे म्हणतात. लोकांच्या डोळ्यांत पाणी यायला हवं. हा प्रसंग जमला की भूमिका पक्की, असं त्यांनी शब्द देऊन सांगितलं आहे. मला तो जमेना. आजोबा कधी मऊ झाले होते का? कधी रडले होते का?

बघता बघता सप्टेंबर संपेल. बाबांना मी अजून उत्तर दिलेलं नाही, त्यांनीच नको म्हटलं आहे. तुझ्या पायांशी डोकं ठेवून,

रत्नाकर


रांझी
दि. ११ सप्टेंबर १९७१

चि. रत्नाकर यास आजीचे अ. उ. आ.

तुझी पत्रं मी तूरडाळीच्या डब्यात ठेवते. तुझा बाप घरात कुठेही हात घालेल, पण स्वयंपाकघरातल्या डब्यात नाही. तो डबा कोणत्या फळीवर आहे हेही त्याला माहीत नाही.

अच्छा, म्हणजे आता जनरलला रडवायचं ठरलं आहे. शालिग्रामसाहेबांना माझा नमस्कार सांग आणि विचार, की याच्यामुळे जे लोक रडले त्यांच्यासाठी सिनेमात किती मिनिटं ठेवली आहेत?

मऊ होते का विचारतोस. होते ना. का नसतील? रोज सकाळी फॅक्टरीला निघायच्या आधी अंगणात मैनेला दाणे घालायचे. भिजवलेले तांदूळ तळहातावर घेऊन बसायचे, आणि मैना हातावर येऊन बसायची. तिच्याशी बोलायचे. मला एकतीस वर्षांत जेवढं बोलले नाहीत तेवढं त्या मैनेशी बोलले असतील. मी आतून पाहायची. आणि दाराआड आणखी एक जण पाहायचा. तुझा बाप. दहा वर्षांचा होता. बाहेर जायची हिंमत नव्हती. हे फॅक्टरीला गेले की तो तसाच अंगणात जाऊन, मुठीत तांदूळ घेऊन, हात पुढे करून उभा राहायचा. मैना काही आली नाही. मी पाहिलं हे त्याला अजून माहीत नाही. मी सांगितलं नाही, आणि तूही सांगू नको.

तर घाला दाणे. पण तुमचा कॅमेरा म्हणे कुठेही ठेवता येतो. मग तो दाराआड ठेवा, दहा वर्षांच्या पोराच्या उंचीवर. तिथून जनरल किती मऊ दिसतो ते बघू दे लोकांना.

आणि रडणं. एकदाच पाहिलं. पंचेचाळीसला लढाई संपली, फॅक्टरीतली माणसं कमी केली, यांना खात्यातून काढून टेबलाशी बसवलं. ते जाताना-येताना कोणी उठून उभं राहिना. एक दिवस घरी आले आणि खाटेवर बसून रडले. मग मला विचारलं, की अजूनही मी आत आलो की तू उठशील ना? मी पोळ्या लाटत होते. मी म्हटलं, मी बसलेच कधी होते?

त्यांना कळलं की नाही, देवाला माहीत. डोळे पुसले आणि पाणी मागितलं. म्हणजे हात पुढे केला.

रडू दे तुझ्या जनरलला. मला काही म्हणायचं नाही. पण तो रडत असताना लाटणाऱ्या बाईचे हात थांबले नव्हते, आणि ती काय बोलली, तेही ठेवा. नाहीतर मग त्या सिनेमाला ऐतिहासिक म्हणू नका, पक्ष्यांचा सिनेमा म्हणा.

पहिली तारीख जवळ आली आहे. ये असंही मी म्हणत नाही आणि येऊ नको असंही नाही. एवढंच सांगते, की बापाच्या भीतीनं आलास तर मशीनवर उभा राहून आयुष्यभर तूच खाकरत बसशील, आणि मग तुझ्या बायकोला माझ्यासारखी पत्रं लिहावी लागतील. आशीर्वाद देते, त्याला तुझ्या बापाची परवानगी लागत नाही.

आजी


पुणे
दि. ४ ऑक्टोबर १९७१

ती. स्व. आजीस,
रत्नाकरचा शि. सा. न. वि. वि.

पहिल्या तारखेला सकाळी मी गेटवर नव्हतो, हे तुला कळलंच असेल. त्या वेळी मी जनरलच्या पलंगावर बसून रडत होतो.

दाण्यांच्या प्रसंगाला कॅमेरा दाराआड ठेवला, दहा वर्षांच्या पोराच्या उंचीवर. आणि मी रडत असताना विभावरीबाई कणीक मळत होत्या. त्या थंड देशात पोळी लाटत नाहीत म्हणे. त्यांनी तुझं वाक्य म्हटलं. शालिग्रामसाहेब म्हणाले की प्रसंग अप्रतिम, पण बाईचं वाक्य काढू, त्यानं जनरलवरची दया कमी होते. आजी, तेव्हा मला काय झालं कोण जाणे. मी म्हटलं, वाक्य काढलंत तर मलाही काढा, दिल्लीच्या माणसाला बोलवा. दिवसभर ते माझ्याशी बोलले नाहीत. संध्याकाळी निरोप आला की वाक्य राहील. भूमिकाही राहिली.

घर मात्र राहिलं नाही. बाबांना मी पत्र पाठवलं, ते न फोडता परत आलं. पाकिटावर त्यांच्या अक्षरात, स्वीकारले नाही.

आता एक भीती वाटते. सिनेमा कधीतरी जबलपूरला येईल. सगळे आजोबांना ओळखतील. निदान ते खाकरणं तरी काढून टाकू का?

तुझा,
रत्नाकर


रांझी
दि. १८ डिसेंबर १९७१

चि. रत्नाकर यास आजीचे अ. उ. आ.

उत्तराला उशीर झाला, इकडे आधी लढाईची तयारी आणि मग लढाईच सुरू झाली होती. खिडक्यांना काळे कागद चिकटवले, सायकलच्या दिव्यालाही काळा रंग फासला. फॅक्टरीत तुझ्या बापाची सोळा सोळा तासांची पाळी. लढाई तिकडे होती, आणि आमच्या घरात पंधरा दिवस इतकी शांतता की मीरानं जेवताना चक्क गाणं म्हटलं. परवा लढाई संपली. काल तो वेळेवर घरी आला. गाणं बंद.

तुझं नाव घरात निघत नाही. शरयू तुझ्या वाढदिवसाला शेवयाची खीर करते आणि सहज केली म्हणून सांगते. तो दोन वाट्या खातो आणि विचारत नाही. असं आमचं घर, बोलायचं कोणी नाही आणि कळायचं सगळ्यांना.

खाकरणं काढायचं नाही. खबरदार! मेलेल्या माणसाला लाज वाटत नाही आणि मला वाटत नाही, मग तुला काहून वाटून राहिली आहे? त्यांनी ते फाटकाबाहेर, साऱ्या आळीला ऐकू जाईल असं केलं. मी काही घरातलं बाहेर काढलं नाही.

थंडी आहे, छातीला तेल लाव. इथली दारं बंद असली तरी डाळीचा डबा उघडा आहे, पत्र टाकत जा.

आजी


रांझी
दि. १६ ऑक्टोबर १९७२

चि. रत्नाकर यास आजीचे अ. उ. आ.

तुझा जनरल जबलपूरला आला. बसस्टँडच्या भिंतीवर तुझं एवढं मोठं तोंड. तुझ्या बापाच्या खात्यात गणपत म्हणून टर्नर आहे, त्यानं भर पाळीत विचारलं म्हणे, की साहेब, पोस्टरवर आपला रत्नाकर आहे का? यानं उत्तर दिलं की साम्य असेल.

मी रविवारी जाहीर केलं, की मी तीनच्या खेळाला बसनं एकटी जाणार. सहासष्ट वर्षांची म्हातारी एकटी टॉकीजात गेली तर लोक काय म्हणतील, म्हणून हा निघाला. सिनेमा पाहायला नव्हे, शिस्त राखायला. राइट टाउनातून तुझी विनता आत्याही आली. मी, विनता, शरयू, मीरा, आणि कडेच्या खुर्चीवर तुझा बाप, हाताची घडी घालून, जणू फॅक्टरीची तपासणी आहे.

बर्फ मिठाचं आहे हे मला पहिल्याच चित्रात कळलं. भाषणं लांबली आहेत, शालिग्रामसाहेबांना सांग. मी सिंघाडे खात होते. मग तुझी गाडी घरापाशी आली, नोकर धावले, दार उघडलं नव्हतं अजून, आणि तू बाहेरून खाकरलास.

रत्नाकर, तुझा बाप उठून उभा राहिला. भर टॉकीजात, अंधारात. सेहेचाळीस वर्षांचा माणूस, चाळीस जण हाताखाली, ताठ उभा, हात मांड्यांना चिकटवून. मागचा माणूस ओरडला की भैयाजी, बैठ जाइए, पिक्चर आपके बाप की है क्या? विनताला इतकं हसू आलं की तिनं तोंडात पदर कोंबला. पण मी पाहिलं, तिच्या दुसऱ्या हातातले शेंगदाणे तिनं ओच्यात दडवले होते. शरयूनं तर सासऱ्याला चार वर्षंच पाहिलं, तिचाही पदर डोक्यावर गेला.

आणि मी? खोटं काहून सांगू. माझे पाय खुर्चीखाली चपला शोधून राहिले होते. पण चपला सापडल्यावरही मी उठले नाही. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा ते घरी आले आणि मी बसून होते. सिंघाडे खात.

मग ते दार आलं, दाराआडून दिसणारी बाल्कनी, मैना आणि तू. टॉकीजात लोक हळहळले, बिचारा म्हणाले. मी तुझ्या बापाकडे पाहिलं. त्याची घडी सुटली होती. एक हात गुडघ्यावर उताणा पडला होता, उघडा.

बसमध्ये त्यानं विचारलं, की दाराआडचं त्याला कोणी सांगितलं? मी म्हटलं, मी. तो म्हणाला, की तुला कसं माहीत? मी म्हटलं, तू दाराआड होतास तेव्हा मी चुलीशी होते, आणि चुलीपासून ते दार दिसतं. रांझी येईपर्यंत तो खिडकीबाहेर पाहत राहिला.

रात्री जेवताना हात थांबला. शरयू उठायला लागली, मी तिचा पदर धरला. हात थांबलेलाच. मग तोंड उघडून त्यानं मीठ मागितलं. मीराच्या हातातली पळी आमटीत पडली. एवढं झालं म्हणून तो काही देवमाणूस झाला नाही, आमटीत मीठ बरोबर होतं तरी मागितलं.

पण आज सकाळी फॅक्टरीला जाण्याआधी त्यानं मला एक कोरं कार्ड मागितलं. मी डाळीच्या डब्यातून काढून दिलं. तुझी पत्रंही त्यात दिसली त्याला. त्यानं डबा कोणत्या फळीवर असतो ते पाहून घेतलं.

तुझं काम बरं झालं आहे. जास्त चढून जाऊ नको, मैनेचं काम तुझ्याहून चांगलं आहे. बाकी भेटीत, किंवा न भेटता.

आजी


रांझी, जबलपूर
दि. १६ ऑक्टोबर १९७२

चि. रत्नाकर यास आशीर्वाद.

१. दि. १५ रोजी सिनेमा पाहिला.
२. कै. बाबा खाकरत ते एकदा. तू एकदाच खाकरला आहेस. हे योग्य आहे.
३. ताटावर थांबलेला हात चार बोटे वर असे. तू वीतभर वर धरला आहेस. दुरुस्ती व्हावी.
४. मैनेस दाणे देताना तळहात सपाट लागतो. तुझा द्रोणासारखा वाकला आहे. जवळून पाहता ती मैना तुझ्या हातावर नसून शेजारच्या कठड्यावर बसली आहे. वाकलेल्या हातावर मैना बसत नाही, हे मला अनुभवाने ठाऊक आहे. हात कसा धरावा हे लिहून समजणार नाही, समक्ष दाखवावे लागेल.
५. फॅक्टरीची जागा भरली गेली आहे, त्याची चिंता नको. तारीख तू कळव.
६. घरी सर्व कुशल.

उत्तराची आवश्यकता आहे.

भय्यासाहेब (वडील)